‘नेत्रदीपक’ हा शब्द मी आधीच लिहून ठेवला होता

आज जरा मोठी पोस्ट आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या आठवड्यात आमच्या पट्ट्यातल्या एका मंडळाच्या पोरांनी मला व्हॉट्सअॅपवर एक कोटेशन पाठवलं. "दादा, जरा बघून सांगा, कसं वाटतंय." वर रंगीत अक्षरांत लिहिलेलं: ‘कंप्युटराइज्ड फायरवर्क्स शो, म्युझिकसह, १० मिनिटं, १०० टक्के सेफ.’ खाली गाण्यांची यादी, शॉट किती त्याचा आकडा आणि शेवटी रक्कम. रक्कम वाचून मी कप खाली ठेवला. पण रकमेवर आज बोलायचं नाही. वर्गणी कशी जमवायची ते गाववाले आणि मुंबईकर मंडळी बघून घेतील, दरवर्षी जमवतातच.

मला बोलायचंय ते त्या ‘१०० टक्के सेफ’वर. पण त्याआधी एक कबुली द्यायला हवी. बरीच वर्षं पोटात ठेवलेली आहे.

जिल्ह्यातल्याच एका किनाऱ्यावर पर्यटनाचा कार्यक्रम होता. गावाचं, आयोजकांचं, शो करणाऱ्यांचं नाव घेत नाही, कारण चूक एकट्या त्यांची नव्हती, माझीही होती. दोन दिवस स्पर्धा, खाद्यपदार्थांचे स्टॉल, ऑर्केस्ट्रा आणि शेवटी ‘कंप्युटरवर चालणारी आतषबाजी’. आमच्या भागात तोवर असं कोणी बघितलेलं नव्हतं. लोक टेम्पो करून आले होते. म्हाताऱ्या बायका प्लास्टिकच्या खुर्च्या धरून संध्याकाळपासून बसलेल्या.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट सांगतो. आमचं पान रात्री नऊला सुटायचं. आतषबाजी साडेनऊला. मग काय करणार? जे सगळे करतात तेच मी केलं. सव्वाआठला गाडीच्या बोनेटवर बसून बातमी टाइप केली आणि पाठवून दिली. शेवटचं वाक्य होतं, "नेत्रदीपक आतषबाजीने महोत्सवाचा समारोप झाला आणि उपस्थितांच्या डोळ्यांचे पारणे फिटले." आतषबाजी व्हायला तेव्हा सव्वा तास होता.

मग शो सुरू झाला. पहिली दोन मिनिटं खरोखर छान गेली. गाण्याचा ठेका आणि आकाशातला फुलोरा एकदम जुळत होता, लोक ‘अरे वा’ म्हणत होते. तिसऱ्या मिनिटाला सगळं थांबलं. गाणं मात्र चालूच. स्पीकरवर जोरात गाणं, वर काळंकुट्ट आकाश आणि खाली हजारभर माणसं मान वर करून उभी. लोकांना वाटलं, हा पण शोचाच भाग असेल. मग एकाएकी डाव्या बाजूचे दहा-पंधरा शेल एकदम सुटले, त्यातले दोन-तीन खालीच फुटले. धूर सगळा खुर्च्यांवर आला. पुन्हा शांतता.

टेबलाशी बसलेला ऑपरेटर लॅपटॉपवर काहीतरी दाबत होता. त्याच्याबरोबरचा पोरगा, असेल अठरा-वीस वर्षांचा, मोबाइलची बॅटरी लावून नळ्यांच्या दिशेने चालत गेला. कोणी अडवलं नाही. मीही नाही. तो वाकून वायर बघत होता तेवढ्यात शेजारचा नळा सुटला. पोरगा मागे वाळूत पडला. हात भाजला, भुवई जळाली, तेवढ्यावर निभावलं. तो वाकला होता त्याच नळ्यातला शेल सुटला असता तर काय झालं असतं, ते लिहायची गरज नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत गेलो. दोन लहान मुलं न फुटलेला एक शेल घेऊन खेळत होती. कागदात गुंडाळलेला गोल, त्यांना तो चेंडू वाटला. तो खाली ठेवायला लावून मी पोलीस पाटलांना फोन केला. तिथेच एक आजोबा आमचाच पेपर हातात धरून उभे होते. म्हणाले, "पत्रकार, तुम्ही कुठल्या गावचा कार्यक्रम बघितलात हो?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि दुरुस्तीची बातमीही मी दिली नाही. आयोजक ओळखीचे, जाहिरात त्यांची, "कशाला उगाच विषय वाढवता" असा एक फोन, आणि विषय संपला. भाजलेल्या पोराचं पुढे काय झालं हे मी विचारलंसुद्धा नाही. हे माझ्यावरचं कर्ज आहे, म्हणून ही पोस्ट.

तर आता मुद्द्यावर. कंप्युटरची आतषबाजी म्हणजे नक्की काय असतं?

आपल्या जत्रेतलं दारूकाम आठवा. माणूस वातीला हाताने बत्ती लावतो आणि मागे पळतो. कंप्युटरवाल्या पद्धतीत वातीच्या जागी एक बारीक विजेची काडी येते. आगपेटीच्या काडीसारखंच तिच्या टोकाला ज्वालाग्राही मिश्रण असतं, आत केसाएवढी तार. तारेतून थोडासा करंट गेला की ती तापते, टोक पेटतं, त्याने नळ्याच्या तळाची दारू पेटते आणि शेल वर फेकला जातो. या काड्यांच्या वायरी एका डब्यात येतात, त्याला मॉड्यूल म्हणतात. असे अनेक डबे मुख्य कंट्रोलरला जोडलेले असतात, कधी वायरने, कधी बिनतारी. कोणत्या सेकंदाला कोणती काडी पेटवायची याची यादी आधीच तयार करून कंट्रोलरमध्ये भरलेली असते.

पद्धत म्हणून ही चांगलीच आहे, हे आधी मान्य करतो. बत्ती लावणाऱ्या माणसाचा हात आणि डोळे नळ्यापासून लांब राहतात. जुन्या दारूकामात बोटं गेलेली माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. ‘पूर्वीचं तेच बरं होतं’ असं म्हणणाऱ्यांत मी नाही.

पण एक फरक लक्षात घ्या. हाताने बत्ती लावणारा माणूस चुकला, तर एका नळ्याची चूक होते. पहिला बाण आडवा गेला तर तो दुसरा लावत नाही. थांबतो, शिव्या घालतो, लोकांना मागे सारतो. कंट्रोलरला यातलं काही कळत नाही. त्याला सांगितलेलं तो बरोबर वेळेवर करत राहतो. सांगण्यातच चूक असेल, तर ती चूकही तो बरोबर वेळेवर करतो, आणि सगळीकडे एकदम करतो.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. कॅलिफोर्नियातलं सॅन डिएगो शहर, तारीख ४ जुलै २०१२, त्यांचा स्वातंत्र्यदिन. ‘बिग बे बूम’ नावाचा मोठा शो. खाडीत चार बार्जवर आणि एका धक्क्यावर मिळून सुमारे सात हजार शेल लावलेले. रात्री नऊला सुरू होऊन सतरा-अठरा मिनिटं चालायचा होता. नऊला पाच मिनिटं कमी असताना पाचही ठिकाणचं सगळं एकदम पेटलं आणि अर्ध्या मिनिटाच्या आत संपलंसुद्धा. पाण्यावर पांढऱ्या उजेडाचा एक डोंगर दिसला आणि मग नुसता धूर. किनाऱ्यावर लाखो लोक. त्यांना वाटलं ही सुरुवात आहे. नंतर कळलं की हाच शेवट होता. यूट्यूबवर व्हिडिओ आहे, बघा.

कारण काय निघालं? शो करणारी कंपनी काही काल सुरू झालेली नव्हती. न्यू जर्सीची गार्डन स्टेट फायरवर्क्स, धंद्यातलं जुनं आणि मोठं नाव. त्यांनी शोची एक मुख्य फाइल केली होती आणि काही बिघाड झाला तर असू दे म्हणून दुसरी राखीव. तयारी करताना या दोन्ही एकत्र होऊन एक तिसरीच फाइल तयार झाली. सुरू करायचा आदेश गेल्यावर कंट्रोलरने त्या बिघडलेल्या फाइलप्रमाणे सगळ्या काड्यांना एकदम करंट दिला. म्हणजे गंमत बघा, बिघाड होऊ नये म्हणून जी तजवीज केली तिच्यातूनच बिघाड झाला.

आणखी एक उदाहरण, आपल्याला जास्त जवळचं वाटेल असं. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबान नावाचं गाव आहे. समुद्रकाठचं, पर्यटकांवर चालणारं, फेरीबोटींचं छोटं गाव. ५ नोव्हेंबर २०११ ला त्यांच्या आतषबाजीच्या रात्री वीस-पंचवीस मिनिटांचा शो मिनिटाभरात आटोपला. तांत्रिक बिघाड. सगळं एकदम उडालं.

या दोन्ही बातम्या आपल्याकडे गंमत म्हणून फिरल्या. मीही त्या फॉरवर्ड केल्यात, हसून. पण त्यातली खरी बातमी हसण्याची नाही. खरी बातमी ही आहे की सॅन डिएगोला सात हजार शेल एकदम फुटले आणि एकाही माणसाला इजा झाली नाही.

हे नशिबाने झालं नाही. शेल लोकांपासून लांब, पाण्यात बार्जवर होते. आणि शो चालवणारी माणसं आडोशाला होती. ‘कंप्युटर आहे, काही होत नाही’ असं धरून त्यांनी अंतर कमी केलं नव्हतं. सगळ्यात वाईट काय होऊ शकतं ते धरून अंतर ठेवलं होतं, आणि नेमकं तेच वाईट झालं तेव्हा त्या अंतराने माणसं वाचवली. यंत्र पूर्ण फसलं, पण माणसांनी आधी केलेला विचार फसला नाही.

दुसरी गोष्ट. कंपनीने ‘टेक्निकल प्रॉब्लेम’ एवढ्यावर हात झटकले नाहीत. काय चुकलं ते शोधलं, लोकांसमोर सांगितलं, आणि पुढच्या वर्षीचा शो फुकट करून दिला.

आता पुढच्याच वर्षीची, त्याच राज्यातली, त्याच तारखेची दुसरी घटना. ४ जुलै २०१३, सिमी व्हॅली. इथे फाइल चुकली नव्हती. एक शेल नळ्यातच फुटला, त्याच्या धक्क्याने शेजारचे नळे आडवे झाले आणि पुढचे शेल वर जायच्या ऐवजी प्रेक्षकांत घुसले. तीसच्या वर माणसं जखमी झाली, त्यात लहान मुलंही होती. नळे पडले हे कंट्रोलरला दिसत नाही. त्याला फक्त सेकंद दिसतात.

आता हे आपल्या वाळूत आणून बघा.

आपल्याकडे नळे उभे करायचे ते वाळूत. वाळू सरकते हे वेळणेश्वरच्या पोराला कोणी शिकवायला नको. दोन इंच पुरून, भोवती दोन दगड ठेवून नळा उभा राहतो, पण शेल सुटताना खाली जो झटका बसतो त्याने तो कलतो. पहिल्या शॉटला सरळ, दहाव्या शॉटला समुद्राकडे, विसाव्याला कदाचित माणसांकडे. त्यासाठी लाकडाच्या नाहीतर लोखंडाच्या मजबूत चौकटी, खाली फळ्या आणि वाळूची पोती लागतात.

दुसरं, आपली हवा. खारं वारं आणि दमट हवा काय करते ते घरातल्या स्विचबोर्डला विचारा. दोन वर्षांत टीव्हीची पिन हिरवी होते. संध्याकाळी चारला जोडून ठेवलेल्या शेकडो बारीक वायरींची टोकं रात्री साडेनऊपर्यंत दवाने ओली झालेली असतात. एखादा जोड धड लागला नाही की तो शेल उडत नाही, आणि न उडालेला शेल उडालेल्यापेक्षा जास्त धोक्याचा. बॅटरी उतरली, बिनतारी सिग्नल मध्येच तुटला, कोणाचा पाय वायरीत अडकला, ही सगळी साधी कारणं आहेत. मी बघितलेल्या शोमध्ये यातलं नेमकं काय झालं ते कधी कळलंच नाही, कारण कोणी विचारलंच नाही.

तिसरं, मदत. मुंबईत १४ फेब्रुवारी २०१६ ला गिरगाव चौपाटीवर ‘मेक इन इंडिया’च्या कार्यक्रमात स्टेजला आग लागली ते आठवत असेल. समुद्राच्या वाऱ्याने काही मिनिटांत अख्खं स्टेज पेटलं. स्वतः मुख्यमंत्री तिथे होते. कोणाला इजा झाली नाही, कारण माणसं झटपट बाहेर काढली आणि अग्निशमन दल हाताशी होतं. आपण चिपळूणपासून पन्नास किलोमीटरच्या पुढे, तेही वळणांचा रस्ता. बंब येईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. भाजलेल्या माणसाला मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी तेच अंतर. म्हणजे मुंबईपेक्षा आपण जास्त काळजी घ्यायला हवी. आपण घेतो कमी.

इथे कोणीतरी नक्की म्हणेल, "आम्ही एवढं मोठं करत नाही हो, आमचं आपलं बटणावरचं, कोल्ड पायरो." लग्नात नवरा-नवरी स्टेजवर आले की दोन्ही बाजूंनी ठिणग्यांचं कारंजं उडतं, ते. आता प्रत्येक हॉलमध्ये दिसतं. नाव ‘कोल्ड’ असलं तरी त्या जळत्या धातूच्या कणांच्या ठिणग्याच असतात. मोकळ्यावर हात लावलात तर एखादवेळेस चटका बसणार नाही. पण झिरमिळ्या, कापडी मंडप, थर्माकोल, सुकलेली फुलं, झावळ्यांचं छप्पर यांना ते ‘कोल्ड’ आहे हे माहीत नसतं.

आपल्या शेजारच्या गोव्यात हडफड्याच्या नाइट क्लबला ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री आग लागली आणि २५ माणसं गेली. आत उडवलेल्या इलेक्ट्रिक फटाक्यांमुळे आग लागल्याचं प्राथमिक तपासात दिसतं, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सांगितलं होतं. गेलेल्यांत बरेचसे तिथले कामगार होते, पोटासाठी लांबून आलेले. अशा ठिकाणी बटण चाललं की नाही हा प्रश्नच नसतो. ते कुठे दाबलं जातंय, वर छप्पर कसलं आहे आणि बाहेर पडायला वाट किती, हे प्रश्न असतात. ते बटणाला कळत नाहीत, आपल्याला कळायला हवेत.

केरळमधलं पुट्टिंगल देवस्थान तर सगळ्यांना माहीत आहे. १० एप्रिल २०१६ च्या पहाटे उत्सवातल्या आतषबाजीची ठिणगी साठवलेल्या दारूवर पडली आणि शंभरच्या वर माणसं मेली. तिथे कंप्युटर नव्हता. पण एक गोष्ट होती जी आपल्याकडेही असते. जिल्हा प्रशासनाने परवानगी नाकारली होती, तरी आतषबाजी झाली. ‘दरवर्षी होतं, काही होत नाही’ हे वाक्य मल्याळममध्येही असणार.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. कंप्युटर आला म्हणजे जबाबदारी गेली, असं होत नाही. उलट ती वाढते, कारण आता चूक डोळ्यांना आधी दिसत नाही. आणि बिघडल्यावर ‘कंप्युटरची चूक झाली’ हे उत्तर मान्य करायचं नाही. कंप्युटर वर्गणी घेत नाही, परवानगीच्या अर्जावर सही करत नाही आणि दवाखान्यात भेटायला येत नाही. सही माणसाची असते, चूकही त्याचीच.

कायदा नाही असंही नाही. १८८४ चा स्फोटके कायदा आहे, २००८ चे स्फोटके नियम आहेत, त्यावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्याच महाराष्ट्रात, नागपूरला आहे. रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके वाजवायचे नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्येच सांगितलंय. पण नागपूरचा अधिकारी आपल्या पुळणीवर येऊन नळे मोजणार नाही. ते काम कोटेशन मंजूर करणाऱ्यांचं आहे. म्हणजे तुमचं आणि माझं.

त्या पोरांना मी उत्तरादाखल सहा प्रश्न पाठवले. इथेही देतो. ज्यांच्याकडे असं कोटेशन येईल त्यांनी पैसे देण्याआधी विचारावेत.

१. परवाना कोणाच्या नावावर आहे आणि या कार्यक्रमाची परवानगी कोण आणणार? तोंडी नको, कागद दाखवा. ‘साहेबांशी बोलणं झालंय’ म्हणजे परवानगी नव्हे.

२. सगळ्यात मोठा शेल किती इंची? त्यावरून अंतर ठरवा. अमेरिकेत एनएफपीए ११२३ नावाचं मानक आहे, त्यात साधा हिशेब आहे: शेलच्या दर इंचाला ७० फूट. तीन इंची असेल तर २१० फूट, पाच इंची असेल तर ३५०. पावलं टाकून मोजा. तेवढी जागा नसेल तर शेल लहान करा. होड्या, जाळी आणि सुरूची झाडंही त्या अंतराच्या बाहेर हवीत. आणि जिथे कासवांची घरटी असतात तिथे हा विषयच नको.

३. सगळंच्या सगळं एकदम उडालं तर काय होईल? हा प्रश्न त्यांच्या तोंडाकडे बघत विचारा. ‘असं होतच नाही’ म्हणाले तर दुसरा माणूस बघा. ‘झालं तरी लोकांना लागणार नाही, कारण असं असं’ म्हणाले, तर तो माणूस कामाचा.

४. थांबवायचं बटण कोणाच्या हातात आणि त्याला नळे दिसतात का? लॅपटॉपमध्ये डोकं घातलेल्या माणसाला आकाश दिसत नाही. नुसतं नळ्यांकडे बघणारा आणि काही वेडंवाकडं दिसलं की ‘थांब’ म्हणणारा दुसरा माणूस हवा. गर्दी दोरीच्या आत आली तरी शो थांबला पाहिजे.

५. न उडालेले शेल कोण काढणार आणि कधी? शो संपल्यावर किंवा अडकल्यावर लगेच कोणी नळ्यांकडे जायचं नाही. आधी करंट पूर्ण तोडायचा, मग किमान पंधरा मिनिटं, जमलं तर अर्धा तास थांबायचं. किती लावले, किती उडाले याचा हिशेब लागेपर्यंत आणि पहाटे उजेडात किनारा पुन्हा बघून होईपर्यंत पोरांना तिकडे सोडायचं नाही.

६. विमा आहे का, आणि शो फसला तर पैशाचं काय? त्यांच्या हाताखालच्या पोरांचाही विमा आहे का? हे लिहून घ्या.

पोरांनी हे सगळं त्या माणसाला पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. मग त्याचा फोन आला मंडळाच्या अध्यक्षाला. म्हणाला, "तुम्ही आनंदाच्या कामात एवढी शंका का घेता?" अध्यक्ष माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आहे, पण उत्तर त्याने माझ्यापेक्षा चांगलं दिलं. म्हणाला, "काका, माझी आजी पहिल्या रांगेत बसते."

शो होणार की नाही ते अजून ठरलेलं नाही. ठरलं तर मी जाणार आहे, बघायला मलाही आवडतं. काळ्या पाण्यावर लाल-हिरवा उजेड पडतो तेव्हा आमच्या वयाचे लोकसुद्धा लहान होतात. तो आनंद काढून घ्यायचा नाहीये. तो झाल्यावर सगळी माणसं चालत घरी जावीत एवढंच म्हणणं आहे.

पत्रकार म्हणून माझ्याकडून एक शब्द देतो. या पुढे शो व्हायच्या आधी शोची बातमी लिहिणार नाही. पान सुटलं तर सुटू दे, बातमी दुसऱ्या दिवशी येईल. आणि त्यात शेल किती फुटले याबरोबर किती फुटले नाहीत, तेही असेल. त्या आजोबांना एवढं उत्तर तरी देता यायला हवं.

आणि त्या भाजलेल्या पोराबद्दल. आज तो पस्तिशीच्या आसपास असेल. त्या रात्री तिथे असलेलं कोणी हे वाचत असेल आणि त्याला ओळखत असेल, तर मला मेसेज करा. नाव छापायचं नाही. हात कसा आहे, एवढंच विचारायचंय.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, पण आधी ते सहा प्रश्न वाचून भांडा.